परवाना वाचल्याशिवाय 'होय' लिहू नका : तांत्रिक मूल्यमापन समित्यांना खुले पत्र

प्रति,
शासकीय आणि अनुदानित संस्थांसाठी संगणक प्रणाली निवडणाऱ्या तांत्रिक मूल्यमापन समित्यांचे अध्यक्ष आणि सदस्य

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

माहितीच्या अधिकारात मिळालेला एक तुलनात्मक तक्ता समोर ठेवून मी हे पत्र लिहीत आहे. काही वाचनालयांना सामाईक ग्रंथसूची प्रणाली पुरवण्याच्या निविदेचा तो तक्ता आहे. त्यातील नवव्या ओळीत 'प्रणाली ओपन सोर्स परवान्याखालील असावी' ही अट आहे, म्हणजे तिचा सोर्स कोड, अर्थात मूळ प्रोग्राम, अभ्यासता, बदलता आणि पुढे वाटता यावा. निवड झालेल्या पुरवठादाराच्या रकान्यात 'होय' असे लिहिले आहे आणि शेऱ्याच्या रकान्यात 'सोर्स कोड संकेतस्थळावर उपलब्ध' एवढेच शब्द आहेत. मी संपूर्ण नस्तीची प्रत मागितली होती. एकशे चौदा पाने मिळाली. त्यांत अनामत रकमेची पावती आहे, उलाढालीचे प्रमाणपत्र आहे, जीएसटी नोंदणी आहे, पूर्वीच्या कामांचे दाखले आहेत. परवान्याचा मजकूर मात्र एकाही पानावर नाही. जो कागद वाचून 'होय' की 'नाही' हे ठरायला हवे होते, तो समितीपुढे आलाच नव्हता.

त्या कार्यालयाकडे मी रीतसर तक्रार केली आहे, म्हणून येथे त्याचे किंवा पुरवठादाराचे नाव घेत नाही. हे पत्र आपणा सर्वांना लिहिण्याचे कारण असे की, माझ्या पाहण्यात आलेल्या इतर निविदांतही ही ओळ याच पद्धतीने भरलेली आहे.

मी गेली चौदा वर्षे सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांतील वाचनालयांच्या ग्रंथसूची संगणकावर आणण्याचे काम करतो. ही बहुतेक 'ब' आणि 'क' वर्गातील वाचनालये आहेत. एक ग्रंथपाल, एक मदतनीस, अनुदानाच्या हप्त्याची वाट पाहणारे संचालक मंडळ आणि साठ-सत्तर वर्षांच्या दाखल नोंदवह्या, ज्यांतली शाई आता तपकिरी झाली आहे, असे तिथले चित्र असते. या कामासाठी आम्ही 'कोहा' ही प्रणाली वापरत आलो आहोत. न्यूझीलंडमधील होरोवेनुआ भागातील ग्रंथालयांसाठी ती तयार झाली, जानेवारी २००० मध्ये वापरात आली आणि जीपीएल या ओपन सोर्स परवान्याखाली सर्वांना खुली झाली. माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेट. ती वापरण्यासाठी वाचनालयाला कोणाला परवाना शुल्क द्यावे लागत नाही, आणि माझ्यासारख्याला ती बसवून देण्याचे, दुरुस्त करण्याचे, शिकवण्याचे पैसे घेता येतात, कारण परवाना धंद्याला मनाई करत नाही. माझे घर याच कामावर चालते, हे मी आरंभीच स्पष्ट करतो, म्हणजे माझे हितसंबंध कुठे आहेत हे वाचणाऱ्याला कळेल.

निविदेत निवडलेल्या नव्या प्रणालीचा परवाना मी तिच्या सोर्स कोडसोबतच्या फाइलमध्ये वाचला. तो पुरवठादाराने स्वतः लिहिलेला आहे. दुसऱ्या कलमानुसार ती प्रणाली केवळ संस्थेच्या अंतर्गत वापरासाठी आहे. चौथ्या कलमानुसार लेखी परवानगीशिवाय बदललेली प्रत इतरांना देता येत नाही. पाचव्या कलमानुसार त्रयस्थ व्यक्तीला या प्रणालीवर आधारित सशुल्क सेवा देता येत नाही. आणि नवव्या कलमानुसार देखभालीचा करार संपला की वापराचा हक्कही संपतो. 'नाही' लिहायला यांतले कोणतेही एक कलम पुरेसे होते. चारही कलमे असताना 'होय' लिहिले गेले.

याचा परिणाम काय होतो, हे एका प्रसंगातून सांगतो. यंदाच्या उन्हाळ्यात ही नवी प्रणाली बसवलेल्या एका वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी मला बोलावले. शोधाच्या चौकटीत 'दऱ्या' हा शब्द लिहिला की एकही पुस्तक सापडत नव्हते, आणि तो शब्द शीर्षकात असलेली दोन पुस्तके त्यांच्या पाठीमागच्या कपाटात होती. ज्यांनी मराठी संगणकावर आणण्याचे काम केले आहे, त्यांना याचे कारण लगेच कळेल. आपला अर्धा 'ऱ' संगणकात दोन प्रकारे साठवला जातो. एका प्रकारात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर धरून त्याला हलन्त जोडतात. दुसऱ्या प्रकारात साध्या 'र'ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण शोधणाऱ्या प्रणालीने दोन्हींना एकच रूप दिले नाही, तर तिच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. जुन्या नोंदी एका कळफलकाने भरलेल्या होत्या आणि बाई दुसऱ्या कळफलकाने शोधत होत्या. सोर्स कोड माझ्यासमोर होताच. अकरा ओळींची दुरुस्ती झाली. बाईंनी पुन्हा 'दऱ्या' लिहिले, दोन्ही पुस्तके आली, आणि त्यांनी कपाटातून ती काढून टेबलावर ठेवली.

त्यानंतर त्यांनी साहजिक प्रश्न विचारला : अठरा किलोमीटरवरच्या वाचनालयातही हीच अडचण आहे, त्यांनाही एवढे करून द्याल का? मला 'नाही' म्हणावे लागले. चौथ्या कलमामुळे बदललेली प्रत मी तिथे नेऊ शकत नाही आणि पाचव्या कलमामुळे त्या कामाचे पैसे घेऊ शकत नाही. खरे तर बाईंच्या वाचनालयात केलेल्या कामाचेही मी त्यामुळेच घेतले नाहीत. पुरवठादाराला पत्र पाठवले, तेव्हा प्रत्येक वाचनालयामागे वेगळे शुल्क भरल्यास परवानगीचा विचार करू, असे उत्तर आले. सार्वजनिक पैशाने, 'ओपन सोर्स' या अटीवर घेतलेल्या प्रणालीची ही स्थिती आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार अशी की, सोर्स कोड पाहायला मिळणे आणि प्रणाली ओपन सोर्स असणे या दोन गोष्टी आपण एकच मानता. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान विभागाने २०१५ मध्ये ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या अवलंबाचे धोरण जाहीर केले. ते केंद्राच्या कार्यालयांना लागू आहे, आणि जी राज्ये ते स्वीकारतील त्यांनाही. त्या धोरणातच ओपन सोर्सची लक्षणे सांगितली आहेत : कोड अभ्यासता आला पाहिजे, बदलता आला पाहिजे, मूळ किंवा बदललेल्या प्रती पुढे वाटता आल्या पाहिजेत आणि सोर्स कोडवर स्वामित्वशुल्क नसावे. पाहणे ही त्यातली फक्त पहिली पायरी आहे. एखाद्या शेताच्या सातबाऱ्याचा उतारा कोणालाही पाहता येतो, पण त्यामुळे ते शेत कसण्याचा हक्क मिळत नाही. हा भेद महसुलाच्या कामात आपल्या कार्यालयांना पूर्ण ठाऊक आहे. संगणक प्रणालीच्या बाबतीतही तोच पाळावा, एवढीच अपेक्षा आहे.

दुसरी तक्रार निकषांविषयी आहे. 'ओपन सोर्स' हा शब्द ज्याला जसा वाटेल तसा वापरायचा शब्द नाही. डेबियन या लिनक्सवर आधारित मुक्त संगणक प्रणालीच्या प्रकल्पाने १९९७ मध्ये कोणते सॉफ्टवेअर मुक्त मानायचे याची मार्गदर्शक तत्त्वे ठरवली. १९९८ मध्ये ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था स्थापन झाली आणि त्याच तत्त्वांवरून तिने दहा निकषांची व्याख्या केली. परवाना या दहाही निकषांना उतरावा लागतो, दहापैकी आठ मिळाले म्हणून उत्तीर्ण, असे तिथे नाही. पुनर्वितरणाला मोकळीक, सोर्स कोडची उपलब्धता, बदल करून नवे काम तयार करण्याची मुभा हे निकष बहुतेकांना माहीत असतात. दुर्लक्ष होते ते पाचव्या आणि सहाव्या निकषाकडे. पाचवा सांगतो की कोणत्याही व्यक्तीशी किंवा गटाशी भेदभाव नको. सहावा सांगतो की कोणत्याही कार्यक्षेत्राशी भेदभाव नको, धंद्यातल्या वापराला मनाई करता येणार नाही आणि जनुकशास्त्राच्या संशोधनालाही नाही. 'केवळ शैक्षणिक वापरासाठी', 'केवळ बिगरव्यापारी वापरासाठी' असे लिहिलेला प्रत्येक परवाना या सहाव्या निकषावर बाद होतो, मग तो कितीही उदार मनाने लिहिलेला असो. मराठीत आपल्याकडे 'मोफत' आणि 'मुक्त' असे दोन स्वच्छ शब्द आहेत. निविदेच्या टिपणीत मात्र 'मोफत उपलब्ध असल्याने मुक्तस्रोत' असे वाक्य मी स्वतः वाचले आहे.

हेतू चांगला असला तरी निकष बदलत नाही, याचे एक प्रसिद्ध उदाहरण जेसन (JSON) या माहिती मांडण्याच्या पद्धतीच्या कोडसोबत आलेल्या परवान्याचे आहे. सर्वसाधारण परवान्यात एकच वाक्य जास्तीचे होते : हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावे, वाईटासाठी नाही. चांगले काय आणि वाईट काय हे कोण ठरवणार, हा प्रश्न त्या वाक्याने उघडा ठेवला, म्हणून डेबियन आणि ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणारे अपाचे फाउंडेशन या दोघांनीही आपल्या कामात तो परवाना नाकारला. एका वाक्यासाठी इतकी काटेकोर तपासणी करणारी मंडळी जगात आहेत, आणि आपल्याकडे चार कलमे कोणी उघडून पाहिली नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तिसरी तक्रार अशी की, परवान्याची आवृत्ती आणि प्रणालीची आवृत्ती यांची सांगड आपण घालत नाही. हा विषय थोडा विस्ताराने मांडतो, कारण इथे सद्हेतूने काम करणारे सदस्यही फसतात. मोंगोडीबी या कंपनीने ऑक्टोबर २०१८ मध्ये आपला डेटाबेस एजीपीएल परवान्यावरून एसएसपीएल या नव्या परवान्यावर नेला. एजीपीएल हा मान्यताप्राप्त ओपन सोर्स परवाना आहे. जो ती प्रणाली बदलून नेटवर्कवरून लोकांना वापरायला देतो, त्याने त्या बदललेल्या प्रणालीचा कोड वापरणाऱ्यांना द्यावा, असे तो सांगतो. एसएसपीएलचे तेरावे कलम त्यापुढे जाते. प्रणाली सेवा म्हणून देणाऱ्याने तिच्या भोवतीचे व्यवस्थापन, देखरेख, बॅकअप, साठवण, होस्टिंग अशा सगळ्या साधनांचा कोडही त्याच परवान्याखाली खुला करावा, असे ते म्हणते. वरवर पाहता दोन्ही परवाने एकाच घराण्यातले वाटतात. परंतु पहिला स्वतःपुरते बोलतो आणि दुसरा शेजारच्या, वेगळ्या सॉफ्टवेअरवर अट घालतो, आणि एका विशिष्ट प्रकारचा व्यवसाय व्यवहारात अशक्य करतो. कंपनीने तो ओपन सोर्स इनिशिएटिव्हकडे मान्यतेसाठी पाठवला, त्यावर जाहीर चर्चा झाली आणि मार्च २०१९ मध्ये कंपनीने तो मागे घेतला. फेडोरा या लिनक्स प्रकल्पाने त्याआधीच तो मुक्त परवाना नसल्याचा निर्णय दिला होता.

हे दूरचे वाद नाहीत. कोहामध्ये शोधासाठी इलॅस्टिक कंपनीचे इलॅस्टिकसर्च हे शोधयंत्र जोडता येते आणि आम्ही काही ठिकाणी ते जोडलेले होते. २०२१ मध्ये इलॅस्टिकने ७.११ या आवृत्तीपासून अपाचे हा खुला परवाना सोडून एसएसपीएल आणि स्वतःचा परवाना असे दोन पर्याय ठेवले. म्हणजे ७.१० पर्यंतची प्रणाली ओपन सोर्स आणि पुढची नाही, नाव मात्र तेच. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच कंपनीने एजीपीएलचा पर्याय पुन्हा दिला. रेडिस या डेटाबेसनेही मार्च २०२४ मध्ये बीएसडी हा खुला परवाना सोडला आणि मे २०२५ मध्ये एजीपीएल आणला. मधल्या काळात लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली 'वाल्की' नावाची वेगळी शाखा उभी राहिली. अशा स्थितीत 'अमुक प्रणाली ओपन सोर्स आहे' या विधानाला आवृत्तीचा क्रमांक जोडल्याशिवाय काहीही अर्थ उरत नाही. सामुदायिक आवृत्ती खुली दाखवून प्रत्यक्षात बंद 'एंटरप्राइझ' आवृत्ती पुरवण्याचा प्रकारही याच वर्गातला आहे.

'चार वर्षांनी खुला होणार आहे' हे उत्तरही मला एका बैठकीत ऐकवले गेले. बिझनेस सोर्स परवान्यात खरोखरच तशी तरतूद असते. प्रत्येक आवृत्ती जास्तीत जास्त चार वर्षांनी खुल्या परवान्याखाली येते. हॅशिकॉर्प या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये आपले टेराफॉर्म हे सॉफ्टवेअर याच परवान्यावर नेले. पण निविदा आजच्या वापरासाठी निघते. ज्या दिवशी ती मुदत पूर्ण होईल, त्या दिवशी त्या जुन्या आवृत्तीसाठी 'होय' लिहावे.

चौथी तक्रार येणाऱ्या काळाची आहे. आता निविदांमध्ये भाषांतराची, अक्षरओळखीची, प्रश्नोत्तरांची कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेल येऊ लागली आहेत आणि तिथे 'ओपन सोर्स' हा शब्द सर्वांत सैल वापरला जातो. मेटाने जुलै २०२३ मध्ये लामा २ हे मॉडेल ओपन सोर्स म्हणून जाहीर केले, तेव्हा त्याच्या परवान्यात महिन्याला ७० कोटींहून अधिक वापरकर्ते असलेल्या कंपन्यांना वेगळी परवानगी घेण्याची अट होती आणि कोणत्या कामांसाठी ते वापरू नये याची यादीही होती. आपल्या कार्यालयाचे ७० कोटी वापरकर्ते नाहीत, मग आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. पण एकदा रेषा ओढण्याचा हक्क परवाना देणाऱ्याकडे राहिला, की ती कुठे ओढायची हेही तोच ठरवतो. पुढच्याच वर्षी लामा ३.२ च्या चित्रे समजणाऱ्या मॉडेलांच्या परवान्यातून युरोपीय संघात राहणाऱ्या व्यक्ती आणि तिथे मुख्यालय असलेल्या कंपन्या वगळल्या गेल्या. आज युरोप वगळला गेला. उद्या आपण वगळले गेलो, तर त्या मॉडेलावर उभारलेल्या मराठी सेवांचे काय करायचे, याचे उत्तर निविदा मंजूर करणाऱ्यांकडे असायला हवे.

ज्या कंपन्यांनी परवाने बदलले, त्यांची बाजूही मी समजून घेतो. वर्षानुवर्षे खपून लिहिलेली प्रणाली एखादी बलाढ्य क्लाउड कंपनी उचलते, सेवा म्हणून विकते आणि मूळ कर्त्यांच्या पदरी काही पडत नाही, ही व्यथा खरी आहे. आपले सॉफ्टवेअर कोणत्या अटींवर द्यायचे हा कर्त्याचा हक्क आहे आणि अशी प्रणाली विकत घेण्यातही काही गैर नाही. जी गोष्ट चुकीची आहे ती ही की, अशी प्रणाली 'ओपन सोर्स' या अटीची पूर्तता म्हणून स्वीकारली जाते, आणि ज्यांनी खरोखर खुला परवाना देऊन निविदा भरली त्यांना तिच्याशी त्याच रांगेत उभे राहावे लागते.

आपल्यापैकी काही सदस्य म्हणतील की आम्ही वकील नाही. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा वकिलाची गरज पडत नाही. परवाना जीपीएल, एमआयटी, अपाचे, बीएसडी, एमपीएल यांपैकी असेल, तर तो ओपन सोर्स इनिशिएटिव्हच्या मान्यताप्राप्त यादीत आहे एवढे पाहिले की दहा मिनिटांत काम होते. परवाना पुरवठादाराने स्वतः लिहिलेला असेल तर एक दुपार लागते. डेबियनमधील मंडळी अशा वेळी काही काल्पनिक प्रसंग वापरतात, ते मला फार उपयोगी पडले आहेत. एक माणूस निर्जन बेटावर अडकला आहे, त्याच्याकडे संगणक आहे पण बाहेर संपर्क नाही. तो सॉफ्टवेअर बदलून बेटावरच्या सोबत्याला कायदेशीरपणे देऊ शकतो का? बदल मूळ कर्त्याकडे पाठवलेच पाहिजेत अशी अट असेल तर नाही. दुसऱ्या प्रसंगात, जुलमी राजवटीत राहणारा माणूस स्वतःची ओळख न सांगता ते वापरू आणि वाटू शकतो का? तिसऱ्यात, मूळ कर्त्याची कंपनी उद्या दुष्ट हातांत गेली, तर आज मिळालेले हक्क टिकतात का? वर सांगितलेला ग्रंथसूचीचा परवाना मी या तिन्ही प्रसंगांत ठेवून पाहिला. बेटावर तो चौथ्या कलमाने अडतो, कारण लेखी परवानगी आणायची कोठून. आणि तिसऱ्या प्रसंगात नवव्या कलमाने.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. 'ओपन सोर्स' ही अट असलेल्या प्रत्येक निविदेत पुरवठादाराने परवान्याचे पूर्ण नाव, त्याची आवृत्ती, प्रणालीच्या पुरवल्या जाणाऱ्या आवृत्तीचा क्रमांक आणि परवान्याचा संपूर्ण मजकूर सादर करणे बंधनकारक करावे, आणि तो मजकूर नस्तीत राहावा. निविदेतच 'ओपन सोर्स' म्हणजे काय हे दहा निकषांच्या व्याख्येचा आणि २०१५ च्या धोरणाचा उल्लेख करून लिहावे. परवाना मान्यताप्राप्त यादीत नसेल, तर तो कोणत्या निकषाला कोणत्या कलमाने उतरतो याची लेखी टिपणी समितीने करावी, तिच्याखाली सदस्यांच्या सह्या असाव्यात आणि ती निकालासोबत प्रसिद्ध व्हावी. केवळ 'होय' हा शब्द पुरेसा मानू नये. ज्या प्रणालींचा कोड फक्त पाहता येतो, त्यांना कागदोपत्री ओपन सोर्स म्हणू नये. आणि ज्या ग्रंथसूची प्रणालीपासून हे पत्र सुरू झाले, तिच्या नवव्या ओळीतील निर्णयाचा परवाना समोर ठेवून फेरविचार व्हावा. प्रणाली काढून टाका, अशी माझी मागणी नाही. पुरवठादाराने 'ओपन सोर्स' सांगून काम घेतले आहे, तेव्हा त्याने परवाना त्या शब्दाला जुळणारा करावा, अशी सूचना त्याला कार्यालयाने द्यावी.

परवाना तपासण्यासाठी मी स्वतः वापरतो ती मराठीतली प्रश्नावली दोन पानांची आहे. जी समिती मागेल तिला मी ती विनामूल्य देईन आणि गरज असेल तर बैठकीला येऊन समजावून सांगेन. त्या अकरा ओळींची दुरुस्तीही तयार आहे. परवानगीचा कागद हाती आला, की त्याच दिवशी ती अठरा किलोमीटरवरच्या वाचनालयात नेऊन बसवीन.

आपला विश्वासू,
ग्रंथसूची संगणकीकरणाचे काम करणारा एक नागरिक,
जिल्हा सांगली